लूपची बढत

पुण्यात आपल्याला इलेक्ट्रॉनिक संगीत आवडते असे कुणाला सांगितले, की दुसऱ्याच वाक्यात गणपतीची मिरवणूक येते. लक्ष्मी रस्त्यावरच्या स्पीकरच्या भिंती, थरथरणारी तावदाने, छातीत बसणारे धक्के आणि ‘ते तुम्हाला आवडतं?’ हा प्रश्न. त्या भिंतींबद्दल माझे मत पेठेत राहणाऱ्या कुणाही माणसासारखेच आहे, त्यामुळे तो वाद मी वाढवत नाही. मला ज्यात रस आहे ती गोष्ट वेगळी आहे. सिंथेसायझर, ड्रम मशिन, तबकड्या वाजवायचे दोन-तीन डेक किंवा नुसता लॅपटॉप घेऊन काही माणसे श्रोत्यांसमोर तास-दोन तास उभी राहतात आणि त्या वेळात काहीतरी घडवतात. ते ऐकायचे कसे, आणि त्याहून अवघड म्हणजे दुसऱ्याला ऐकायला द्यायचे कसे, यावर आम्हा चाहत्यांची न संपणारी चर्चा चालू असते.

शहराला हे संगीत नवे नाही. एनएच-सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० मध्ये कोरेगाव पार्कातच सुरू झाला, आणि २०१६ मध्ये सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव गोवा सोडून वाघोलीच्या पुढे केसनंदला आला तेव्हा तर घरोघरी त्याची चर्चा झाली, अर्थात ती संगीताची नव्हती. तरीही या संगीताचे आस्थेने बोलणारे चाहते इथे थोडेच आहेत. ते कुणाच्या तरी घरी जमतात, एकमेकांना काही ऐकवतात, भांडतात, आणि परत जाताना नव्या चार नावांची यादी घेऊन जातात.

आमच्या शिफारशी बहुतेक वेळा वाया जातात, आणि त्यात ऐकणाऱ्याचा दोष फारसा नसतो. आपण दुवा पाठवतो, समोरचा माणूस बसस्टॉपवर उभ्याउभ्या मोबाइलच्या स्पीकरवर अर्धा मिनिट ऐकतो आणि ‘छान आहे’ असे कळवतो. त्याने नेमके काय ऐकलेले असते? किकचा, म्हणजे ड्रमच्या खालच्या जाड ठोक्याचा, जीव ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची हवेतली लांबी जवळजवळ ७ मीटर असते. मोबाइलच्या स्पीकरमधल्या नखाएवढ्या पडद्याला तेवढी हवा हलवता येत नाही, म्हणून जो पाया घालून बाकीची इमारत उभी केलेली आहे तो पायाच त्याच्यापर्यंत पोचत नाही. वरची टिकटिक तेवढी पोचते, आणि तिला कुणी संगीत म्हणत नसेल तर त्याच्याशी वाद घालता येत नाही.

दुसरी अडचण वेळेची आहे. मिनिटाला १२८ ठोके ही हाउस आणि टेक्नो या नाचायच्या संगीताच्या शैलींत अगदी सरावाची लय. चार ठोक्यांचा एक बार धरला, तर ३२ बार बरोबर एका मिनिटात संपतात. एखादा नवा आवाज आत आणायला आणि जुना अलगद बाहेर काढायला कलाकार असा एक तुकडा सहज खर्च करतो, कधी दोनही. म्हणजे ज्याने अर्धा मिनिट ऐकले त्याच्यासमोर काही घडलेलेच नसते. चित्रपटगीताच्या हिशेबाने तोवर मुखडा होऊन जातो, म्हणून त्याला वाटते की आपण पुरेसे ऐकले. या संगीताचे माप गाणे हे नाही, वेळेचा एक लांब पट्टा हे आहे, आणि शिफारस करणाऱ्याने गाणे द्यायचे सोडून तो पट्टा द्यायला हवा, असे माझे ठाम मत झालेले आहे. आमच्यातले काही जण ते मानत नाहीत. त्यांच्या मते आधी चार मिनिटांचे काहीतरी गोड द्यावे आणि मग माणसाला हळूहळू आत ओढावे. मी अजून असा ओढला गेलेला माणूस पाहिलेला नाही.

हे प्रत्यक्ष कसे घडते ते कर्वेनगरमधल्या एका मित्राच्या खोलीत पाहायला मिळते. त्याच्याकडे रोलंडच्या टीबी-३०३ या जुन्या यंत्राची बेहरिंगरने काढलेली नक्कल आहे, टीडी-३ नावाची, आणि शेजारी एक ड्रम मशिन. मूळ ३०३ हे यंत्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आले ते एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी म्हणून. ती साथ कुणालाच खऱ्या बेस गिटारसारखी वाटली नाही आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबले. मग ती यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली, शिकागोतल्या तरुणांच्या हाती पडली, आणि १९८७ मध्ये फ्यूचर या त्रिकुटाच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मधून अ‍ॅसिड हाउस नावाची शैली उभी राहिली. ज्या कामासाठी यंत्र केले त्यात ते नापास झाले, आणि कंपनीने ज्याचा विचारही केला नव्हता त्यासाठी आज त्याच्या नकला विकल्या जातात.

यंत्रावर एका ओळीत सहा नॉब आहेत: ट्यूनिंग, कटऑफ, रेझोनन्स, एन्व्हलप मॉड्युलेशन, डिके आणि अ‍ॅक्सेंट. मित्र सोळा घरांचा एक साधा नमुना भरतो, त्यातल्या दोन-तीन घरांना स्लाइड लावतो, म्हणजे तिथे एक स्वर पुढच्या स्वरात घसरत जातो, आणि यंत्र सुरू करतो. पहिल्यांदा कटऑफ, म्हणजे आवाजाचा वरचा भाग किती बाहेर येऊ द्यायचा ते ठरवणारा नॉब, जवळजवळ बंद असतो, त्यामुळे ऐकू येते ती गोणीखाली झाकल्यासारखी गुरगुर. मग तो कटऑफचा नॉब दोन बोटांत धरून केसभर फिरवतो आणि हात काढून घेतो. हात काढून घेणे हे मला त्या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. आठ बार तो काहीही करत नाही. आवाजात आलेला किंचित उजेड आपल्या कानांना सवयीचा होईपर्यंत तो थांबतो, आणि सवय झाली असे त्याला वाटले की पुन्हा केसभर. वीस मिनिटांनी तोच सोळा घरांचा नमुना, एकही स्वर न बदलता, शिट्टी घालू लागलेला असतो, कारण मधल्या वेळात आवाजाला टोक आणणारा रेझोनन्सही वर चढत आलेला असतो. पण तो केव्हा चढला हे सांगता येत नाही. जे नवखे आहेत ते घाई करतात, पाच मिनिटांतच सगळे नॉब उजवीकडे नेऊन ठेवतात, आणि पुढे त्यांच्याकडे करण्यासारखे काही उरत नाही.

त्या खोलीची स्वतःची एक गंमत आहे, ती सांगून टाकते. खोली दहा फूट रुंद आहे. एवढ्या रुंदीत दोन भिंतींमध्ये अडकून राहणारी सर्वांत खालची लहर साधारण ५६ हर्ट्झची येते, म्हणजे नेमकी किकच्या गाभ्यात. तिचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक असतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. पाहुण्यांसाठी असलेला सोफा बरोबर मध्यावर ठेवलेला आहे, त्यामुळे मानाने बसवलेल्या माणसाला सर्वांत कमी ऐकू येते, आणि दाराच्या चौकटीला टेकून ‘अजून किती वेळ?’ असे विचारणाऱ्या मित्राच्या आईला सर्वांत जास्त. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटे कुठल्या स्वराला वाजतात हे त्यांना आमच्याआधी समजले. आता एखादा नमुना फार खाली गेला की त्या आतून तो स्वर सांगतात.

शिफारशींकडे परत येते. आमच्या शेजारी एक काका राहतात. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत होत असे तेव्हापासूनचे ते श्रोते, हार्मोनियम बऱ्यापैकी वाजवणारे, आणि ‘मला काहीही ऐकायला दे’ असे म्हणणारे. अशा माणसाला काय द्यावे असे चाहत्यांना विचारले, तर दहातले नऊ जण चरणजित सिंग यांचे नाव घेतील. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडचीच तीन यंत्रे, म्हणजे ३०३, टीआर-८०८ हे ड्रम मशिन आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. ती तबकडी तेव्हा कुणी फारशी विचारात घेतली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने तिचे पुनःप्रकाशन केले आणि जगभर खळबळ उडाली, कारण जो आवाज शिकागोत १९८७ मध्ये जन्मला असे सगळे समजत होते, तो इथे पाच वर्षे आधी स्पष्ट ऐकू येत होता. उतारवयात त्यांना युरोपात कार्यक्रम करायला बोलावले गेले, आणि २०१५ मध्ये ते वारले.

गोष्ट विलक्षण आहे, आणि म्हणूनच ती वाढवून सांगितली जाते. ‘अ‍ॅसिड हाउसचा शोध एका भारतीयाने लावला’ असे कुणी छाती फुगवून म्हणाले की मला अवघडल्यासारखे होते. शिकागोच्या मुलांनी ती तबकडी ऐकलेली नव्हती. दोन ठिकाणी दोन वेगळ्या गरजांपोटी एकाच यंत्रातून सारखा आवाज निघाला, आणि मला तर हेच जास्त रंजक वाटते. चरणजित सिंगांना स्लाइडमध्ये मींडेची सोय दिसली असणार, त्या मुलांना त्याच स्लाइडमध्ये नाचणाऱ्याच्या पायांची सोय दिसली. ज्यांना अभिमानाचाच विषय हवा असेल त्यांनी अहमदाबादकडे पाहावे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर आणून स्टुडिओ उभा केला होता, आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तिथे केलेले काम २०२३ मध्ये प्रकाशित झाले. ते काम कुणाच्याही आधी आल्याचा दावा करत नाही. ऐकताना मात्र माणसे एका अपरिचित वस्तूला हात लावून पाहत आहेत हे जाणवते.

काकांनी चरणजित सिंगांचा ललत शांतपणे ऐकला. ‘दोन्ही मध्यम आहेत, नीट आहेत,’ ते म्हणाले, ‘पण अगं, पाच मिनिटांत आलाही आणि गेलाही. बढत कुठाय?’ आमच्या मंडळींना हा शेरा मी सांगितला तेव्हा काहींना तो जुनाट वाटला. मला तो अगदी वर्मावरचा वाटला. रागाचे नाव दिसले म्हणून आपण सवाईच्या श्रोत्याला ती तबकडी देतो, पण त्याला सवय असते ती नावाची नसून एका गोष्टीला वेळ देऊन फुलवण्याची. टेक्नो म्हणजे त्यांच्याकडचा राग, असे सांगणारे लोक मला पटत नाहीत. त्यात ना वादी-संवादी, ना चलन, ना बंदिश. साम्य असलेच तर एवढेच की दोन्हीकडे श्रोत्याचा वेळ हाताशी धरून तो जबाबदारीने खर्च करावा लागतो.

म्हणून पुढच्या खेपेला मी त्यांना एलियान रादिग दिली. या फ्रेंच बाई कितीतरी वर्षे एआरपी २५०० हा एकच सिंथेसायझर आणि टेपयंत्रे घेऊन काम करत राहिल्या. १९८८ ते १९९३ या काळात झालेल्या त्यांच्या तीन भागांच्या मृत्युविषयक रचनेचा प्रत्येक भाग सुमारे तासाभराचा आहे. त्यात ठेका नाही, स्वरावली नाही. एक अखंड नाद आहे, आणि त्याच्या आतले उपस्वर इतक्या सावकाश हलतात की बदल झाल्यावरच तो कळतो. चांगले हेडफोन मी मुद्दाम नेऊन दिले होते. काकांनी ते काढले तेव्हा बराच वेळ झाला होता. ‘जवारी लागलीय,’ एवढेच म्हणाले, आणि मग अर्धा तास तंबोऱ्याच्या घोडीवरच्या दोऱ्याबद्दल बोलले: तो केसभर सरकवला की गांधार कसा उमटतो, आणि त्यासाठी भीमसेनजी मैफलीआधी किती वेळ घेत असत. आमच्यातल्या कुणालाही रादिगचे काम इतक्या नेमकेपणाने सांगता आले नव्हते.

या काकांचाच, आणि खरे तर प्रत्येकाचाच, पुढचा प्रश्न: ‘पण कार्यक्रमात तो माणूस तिथे उभा राहून नक्की करतो काय?’ चाहते या प्रश्नावर चिडतात, ते मला पसंत नाही. तबल्यावर हात पडतो आणि बोल निघतो, हे डोळ्यांना दिसते. लॅपटॉपमागे वाकलेला माणूस मेल वाचत असेल तरी तसाच दिसेल. तेव्हा विचारणारा रास्तच विचारतो, आणि खुद्द कलाकारांनी त्याला दिलेली उत्तरे एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत.

लाइव्ह कोडिंग करणारे लोक, म्हणजे कार्यक्रमातच संगणकाला सूचना लिहून त्यातून संगीत काढणारे, आपला पडदा भिंतीवर प्रक्षेपित करतात. २००४ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या टॉपलॅप या संघटनेचा आग्रहच असा की पडदा दाखवा, लपवू नका. टाइपताना झालेली चूक, ती दुरुस्त होईपर्यंत अडखळलेली लय, सगळे श्रोत्यांसमोर. दुसऱ्या टोकाला इंग्लंडमधल्या रॉचडेलचे ऑटेकर हे दोघे आहेत. ते सभागृहातले दिवे मालवून मिट्ट काळोखात वाजवतात. पाहण्यासारखे काही नाही, ऐका, असा एकूण बाणा. त्यांच्या २०१४ च्या दौऱ्यातली क्राकोव्ह, ब्रसेल्स, उट्रेख्त, डब्लिन अशी वेगवेगळ्या शहरांतली ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, आणि ज्याला ‘लाइव्ह म्हणजे काय’ हा प्रश्न छळतो त्याला मी तीच देते. एकच यंत्रणा, एकच सामग्री, पण एका शहरात जो तुकडा दोन मिनिटांत गुंडाळला तो दुसऱ्या शहरात पसरत जातो. दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवली की निर्णय कुठे झाला ते बोट ठेवून दाखवता येते. त्यासाठी हात दिसावे लागत नाहीत.

क्राफ्टवेर्कने तर या प्रश्नाची थट्टाच केली. १९८१ च्या दौऱ्यात हे चौघे छोटी हातात मावणारी वाद्ये घेऊन मंचाच्या कडेला येत आणि श्रोत्यांना कळा दाबायला देत. आणि यंत्रमानवांवरचे त्यांचे गाणे आले की कित्येक कार्यक्रमांत चौघेही नाहीसे होऊन त्यांच्या जागी हुबेहूब बाहुले उभे राहत. मंचावर एकही जिवंत माणूस नसताना होणाऱ्या टाळ्या कुणासाठी? यावर आमच्यात दोन तट आहेत आणि मी बाहुल्यांच्या बाजूची आहे.

डीजेच्या बाबतीत वाद असतो तो सिंक बटणाचा. पूर्वी दोन तबकड्यांची लय कानाने जुळवावी लागे, टेक्निक्सच्या डेकवर आठ टक्के वर किंवा खाली सरकणारी एक पट्टी असे. आता यंत्र ते आपोआप करते, म्हणून हल्लीचे डीजे म्हणजे नुसते बटणदाबू, असे काही जुने चाहते म्हणतात. लय जुळवणे हे मला तंबोरा लावण्याइतकेच आवश्यक आणि तेवढेच प्राथमिक वाटते. ते कुणी केले यापेक्षा पुढे काय लावले हे पाहावे. डेट्रॉइटचे जेफ मिल्स तीन-चार डेकच्या शेजारी रोलंडचे ९०९ हे ड्रम मशिन ठेवून ते हाताने वाजवतात, त्या वेळी त्यांचे कान तीन ट्रॅकमध्ये आणि बोटे चौथ्याच कामात गुंतलेली असतात. याउलट मोठ्या महोत्सवांत दिवे, पडद्यावरची चित्रे आणि आतषबाजी अनेकदा टाइमकोडने, म्हणजे संगीतातल्या ठरलेल्या वेळांना, आधीच बांधून ठेवलेली असते. त्या क्षणी काही बदलायचे मनात आले तरी बदलता येत नाही. हजारो लोक एकदम उडी मारतात याचा आनंद खोटा नाही, मीही उड्या मारलेल्या आहेत. पण ते ऐकायला जा, असे मी कुणाला सांगत नाही.

पुण्यात हे सगळे ऐकताना सर्वांत मोठी अडचण रसिकतेची नाही, घड्याळाची आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, आणि बंदिस्त सभागृहे त्यातून वगळलेली आहेत. नियम योग्यच आहे. मिरवणुकीच्या मार्गावर राहणारे कुणीही त्याच्या विरोधात बोलणार नाही. पण त्याचा परिणाम म्हणून मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमात साडेपाचला उन्हात पहिला सेट सुरू होतो, प्रत्येकाला तास-सव्वा तास मिळतो, आणि जो कलाकार बर्लिनमध्ये चार तास सावकाश उलगडतो तो इथे पहिल्या दहा मिनिटांत सगळे दाखवून मोकळा होतो. सवाईच्या जुन्या श्रोत्यांना हे नवे नाही. १९५३ पासून चाललेला हा महोत्सव पूर्वी पहाटेपर्यंत रंगत असे; काका अजून सांगतात की मध्यरात्रीचा दरबारी मध्यरात्री ऐकला होता. आता तो रात्री साडेनऊला, अर्धे लक्ष घड्याळाकडे ठेवून ऐकावा लागतो. एकाच नियमाने या दोन जमातींना सारखेच कातरले आहे, आणि त्यांनी एकमेकांशी याबद्दल कधी बोलल्याचे मला आठवत नाही.

बंदिस्त सभागृह हा उपाय आहे, पण भाडे परवडत नाही, आणि बहुतेक नाट्यगृहांची ध्वनियोजना माणसाचे बोलणे स्पष्ट ऐकू यावे अशी केलेली असते. ५० हर्ट्झ तिथे कुणाला अभिप्रेतच नसतो. पबमध्ये यंत्रणा बरी असते, पण तिथे बोलायला आलेले लोक बोलतात. कर्वेनगरच्या खोलीत सोफा सरकवून पाहिला, तर दार उघडेना.

तेव्हा काकांनीच एक तोडगा सुचवला. नियम रात्री दहाला सुरू होतो तसा सकाळी सहाला संपतो, आणि पुण्यात दिवाळी पहाटेला लोक अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे घालून सहाच्या ठोक्याला गाणे ऐकायला मैदानात हजर असतात; मग तुमच्या माणसाने सहाला सुरू करून दहापर्यंत वाजवावे, चार तास मिळतील. आवाज बेताचा ठेवला तर तक्रार कोण करणार? मित्राला कल्पना फार आवडली आणि तो नमुने जुळवायला बसला. त्याचे म्हणणे, सकाळी किक तासाभराने आणायची, आधी नुसता नाद. एका सोसायटीचे मैदान पाहून झाले आहे. चाहत्यांना विचारले, तर सगळ्यांचे एकच उत्तर आले की सहाला आम्ही झोपायला जातो. काकांच्या हास्यक्लबातल्या मंडळींनी मात्र जागा अडवून ठेवायला सांगितली आहे, आणि चहा कितीला मिळेल ते विचारले आहे.